मुलीचे स्केट्स, वडिलांचा विमा

प्रश्न : माझी मुलगी 11 वर्षांची असून तीन वर्षांपासून इनलाइन स्पीड स्केटिंग, म्हणजे एका ओळीतल्या चाकांवरचे वेगाचे स्केटिंग, करते. तिच्या पायाच्या मापाने बनवलेले कार्बनचे बूट आणि 125 मिलिमीटरची तीन चाके बसणारी फ्रेम आता घ्यावी, असे तिचे प्रशिक्षक म्हणतात. हे सामान तेच मागवूनही देणार आहेत. खर्च माझ्या दीड महिन्याच्या पगाराइतका आहे. क्रेडिट कार्डावर 12 बिनव्याजी हप्त्यांत घ्यावे की बचत मोडावी? घरात कमावणारा मी एकटाच आहे. पगाराचा एक तृतीयांश भाग गृहकर्जाच्या हप्त्यात जातो आणि तो अजून 12 वर्षे जाणार आहे. पुढची काळजी मात्र नाही, कारण तिच्या ऑलिम्पिकच्या तयारीसाठी चार वर्षांपूर्वी मुलांसाठीची विमा योजना माझ्या नावे घेतली आहे. वर्षाला दोन पगार असे 10 वर्षे भरायचे आणि 15 वर्षे पूर्ण झाली की भरलेल्या रकमेच्या दीडपट हमखास मिळणार. विमा 20 पगारांचा आहे.

उत्तर : आपण ज्याची काळजी नाही म्हणून लिहिले आहे, मला काळजी नेमकी त्याचीच वाटते. आपण सारे पगाराच्या मापात लिहिले आहे, म्हणून मीही तेच माप धरतो.

गृहकर्जाचा व्याजदर साडेआठ टक्के धरला, तर 12 वर्षांच्या हप्त्यांमागे आज सुमारे 30 पगारांचे मुद्दल शिल्लक असणार. विमा आहे 20 पगारांचा. म्हणजे उद्या आपले काही बरेवाईट झाले, तर विम्याची सगळी रक्कम कर्जात जाऊनही 10 पगार देणे उरेल, आणि घरखर्चासाठी एक पैसाही उरणार नाही. एकट्याच्या कमाईवर चालणाऱ्या घराला कर्ज धरून निदान 150 पगारांचे विमाछत्र हवे. निव्वळ मुदतीचा विमा, म्हणजे टर्म इन्शुरन्स, घेतला तर चाळिशीतल्या निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या माणसाला तेवढ्या छत्रासाठी वर्षाला साधारण अर्धा पगार लागतो. आपण त्याच्या चौपट भरून त्याच्या सातव्या हिश्श्याहून कमी छत्र घेतले आहे.

आता त्या ‘हमखास दीडपट’चे पाहू. एकूण 20 पगार भरायचे, 30 मिळायचे. हप्ते 10 वर्षांत विखुरलेले असल्याने प्रत्येक रुपया सरासरी साडेदहा वर्षे अडकतो आणि परतावा चार टक्क्यांच्या आसपास बसतो. साडेआठ टक्क्यांचे कर्ज डोक्यावर ठेवून चार टक्क्यांत पैसे गुंतवायला सांगणाऱ्या एजंटला मी सल्लागार म्हणणार नाही. आठ पगार भरून झाले आहेत. त्यांचा शोक करण्यात अर्थ नाही, प्रश्न उरलेल्या 12 पगारांचा आहे. हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप केली, म्हणजे आजवर भरलेल्या पैशांवरच मुदतीपर्यंत चालू ठेवली, तर ढोबळमानाने दीडपटीचा चार दशांश भाग, म्हणजे सुमारे 12 पगार, मुदतीअखेर मिळतील. भरत राहिलात तर 30 मिळतील. म्हणजे पुढे भरायच्या 12 पगारांचे 18 होतील आणि त्यावरचा परतावा पाच टक्क्यांच्या आतच राहील. तेच पैसे गृहकर्जात आगाऊ भरले, तर साडेआठ टक्के वाचतात. पेड-अपच्या अटी आपल्या पॉलिसीच्या कागदांतच वाचा, एजंटच्या तोंडून नकोत. मात्र नवा टर्म विमा मंजूर होऊन कागद हाती येईपर्यंत जुना हप्ता चुकवू नका.

या योजनेची वेळही चुकलेली आहे. तिचे पैसे हाती येतील तेव्हा मुलगी 22 वर्षांची असेल. प्रशिक्षण, ट्रॅकचे शुल्क, स्पर्धांचा प्रवास आणि सतत झिजणारी चाके यांचा खर्च त्याच्या कितीतरी आधी, तेराव्या ते अठराव्या वर्षांदरम्यान येतो. शिवाय इनलाइन स्पीड स्केटिंग ऑलिम्पिकमध्ये नाही; ब्युनोस आयर्सच्या 2018 च्या युवा ऑलिम्पिकमध्ये ते होते, एवढेच. 2006 साली तुरिनला 5000 मीटरचे सुवर्ण जिंकणारे चॅड हेड्रिक आणि 2022 साली बीजिंगला 500 मीटरचे सुवर्ण जिंकणारी एरिन जॅक्सन हे दोघेही चाकांवरून आलेले, पण पदके त्यांनी बर्फावर मिळवली. बर्फावरच्या सरावाचा खर्च हा वेगळाच हिशेब आहे. मुलीने स्केटिंग आवडीने करावे, जिंकावेही; परंतु पदकाच्या आशेवर विमा विकणाऱ्याला एवढी साधी चौकशी करावीशी वाटली नाही, याची मला चीड येते.

आता आपला मूळ प्रश्न. मापाचे बूट आज घेऊ नका, हप्त्यांवरही नाही आणि रोखीनेही नाही. स्पीड स्केटिंगचा बूट पायाला घट्टच बसावा लागतो, त्यात वाढीला जागा ठेवता येत नाही, आणि या वयात पाय वर्षाला एखादा नंबर तरी वाढतो. कार्बनचे कवच तापवून रुंदीत थोडेफार जुळवता येते, लांबीत नाही. बारावा हप्ता फिटेपर्यंत बूट लहान झालेला असेल. त्या हप्त्यांनाही प्रक्रिया शुल्क असते आणि एखादा चुकला की कार्डाचे व्याज वर्षाला 35-40 टक्क्यांच्या घरात जाते. तिच्याहून मोठ्या एखाद्या मुलीचे न मावणारे बूट तपासून घ्यावेत किंवा तयार मापाचे घ्यावेत. 125 ची तीन चाके तिला जमिनीपासून उंच नेतील, आणि ती जड चाके वेगात आणायला लागणारे बळ अजून तिच्या पायांत यायचे आहे; 90 किंवा 100 मिलिमीटरची चार चाके तिला पुरेत. फ्रेम मात्र चांगली घ्या. फ्रेम बसवायच्या बुटाच्या तळाच्या भोकांमधले अंतर 165 मिलिमीटर आहे की 195, हे आधी मोजून घ्या, कारण अंतर जुळले तर तीच फ्रेम पुढच्या बुटालाही चालेल. महागड्या बेअरिंगचा मोह टाळा. चाके आतल्या कडेने अधिक झिजतात, म्हणून बाजू आणि जागा बदलत राहिलात तर एक संच बराच जास्त टिकतो. खाली वाकलेल्या स्थितीतला कोरडा, म्हणजे स्केट्स न घालता केलेला, सराव आणि घसरपाटीवरचा, म्हणजे गुळगुळीत फळीवर आडवे घसरण्याचा, सराव यांना तर खर्च जवळपास नाहीच.

प्रशिक्षक स्वतःच बूट मागवून देणार असल्याने त्यात त्यांना काही मिळते का, हे त्यांना सरळ विचारा; तोच प्रश्न चार वर्षांपूर्वी एजंटला विचारायला हवा होता. वापरलेले बूट, फ्रेम, चाके आणि चांगले हेल्मेट मिळून खर्च अर्ध्या पगारात बसवा आणि तो बचतीतून रोखीने करा. टर्म विम्याचा अर्ज मात्र त्याआधी, याच आठवड्यात भरा, आणि प्रकृतीची माहिती त्यात काहीही न लपवता लिहा.