पहिल्या महिन्यात शरीररचना: आधी बोटं, मग पाठांतर

बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, पहिलं वर्ष ना? मग आधी स्वतःचं अंग चाचप. मान पुढे वाकव; मागे सगळ्यांत ठळक लागतो तो बहुधा मानेचा सातवा मणका. गळ्याच्या खळग्यापासून साधारण 5 सेंमी खाली छातीच्या हाडावर आडवा उंचवटा आहे, तिथे दुसरी बरगडी जुळते. मोजणी तिथूनच कर. पहिली कॉलरबोनमागे लपते, म्हणून वरून मोजणाऱ्याचा आकडा हमखास चुकतो.

नवखे इथे फसतात:
- चित्रातलं डावं-उजवं आपलं समजतात. ते रुग्णाचं असतं.
- यकृत खाली पोटात शोधतात. ते उजव्या बरगड्यांआड.
- अन्ननलिका श्वासनलिकेच्या पुढे काढतात. ती मागे.

मणके पक्के कर: मानेचे 7, पाठीचे 12, कमरेचे 5. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या 12 जोड्या? नाताळापर्यंत राहू देत.