‘स्पेक्ट्रम’ इंग्रजी की लॅटिन?

एका वाचकाने विचारलंय: ‘स्पेक्ट्रम’ मूळचा इंग्रजी का लॅटिन? आणि न्यूटनच्या काळी इंग्रजी ही विज्ञानाची भाषा झाली होती का?

शब्द लॅटिन. आणि नाही, तेव्हा ती नुकती कुठे होऊ लागली होती. ‘इंग्रजी पहिल्यापासूनच विज्ञानाची भाषा’ हे इतक्यांदा कानावर आलंय की आता चीड येते. गिल्बर्टचा चुंबकावरचा ग्रंथ (१६००) लॅटिनमध्ये, हार्वीचा रक्ताभिसरणावरचा (१६२८) लॅटिनमध्ये, खुद्द न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ही (१६८७) लॅटिनमध्येच. ‘ऑप्टिक्स’ हा प्रकाशावरचा ग्रंथ त्याने १७०४ मध्ये इंग्रजीत काढला, तर १७०६ मध्ये त्याचं लॅटिन भाषांतर आलं. त्याशिवाय युरोपात तो वाचणार कोण?

‘स्पेक्ट्रम’चे रेडिओलहरी, त्यांचे लिलाव वगैरे अर्थ सोडून देतो, ते सगळ्यांना ठाऊक आहेत. खरी मौज आहे १६७२ च्या पत्रात. न्यूटनने ते लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचा चिटणीस ओल्डेनबर्ग याला इंग्रजीत लिहिलं. खिडकीच्या झडपेला भोक पाडून आत घेतलेला कवडसा लोलकातून जातो आणि २२ फुटांवरच्या भिंतीवर पडतो. ठिपका वाटोळा पडायला हवा होता. पडला तो रुंदीच्या पाचपट लांब रंगीत पट्टा. त्याला तो ‘स्पेक्ट्रम’ म्हणतो. लॅटिनमध्ये याचा अर्थ नुसतं दिसणारं रूप, आभास; आणि त्या काळच्या इंग्रजीत चक्क भूत! कोशकार ‘पाहणे या धातूपासून’ एवढं लिहून मोकळे होतात. मला ते पटत नाही. डोळ्यांना दिसतं पण हाती लागत नाही, म्हणूनच ‘इमेज’ हाताशी असताना न्यूटनला हा शब्द सुचला, असं माझं ठाम मत आहे. आपल्या ‘वर्णपटा’त रंग आले, पट आला, ते नुसतं दिसणं मात्र गळालं.

तो धातू ‘स्पेकेरे’. आपला ‘स्पश्’ त्याचाच सगोत्र. ऋग्वेदात वरुणाभोवती बसलेले ‘स्पश’ म्हणजे पाळत ठेवणारे हेर. आणि याच धातूपासून ‘स्पष्ट’, म्हणजे नीट दिसलेलं. तिकडचं भूत आणि इकडचं ‘स्पष्ट’ एकाच मुळाचे! मात्र यावरून लॅटिन संस्कृतातून निघाली म्हणणाऱ्यांनी कृपा करून गप्प बसावं. दोन्ही भाषा त्यांच्याहून जुन्या एका भाषेतून आल्या आहेत.

घरच्या शब्दांत शास्त्र लिहिण्याचा खटाटोप इंग्रजांनीही केलाय. बरोबरीचं चिन्ह रूढ करणाऱ्या रॉबर्ट रेकॉर्डने १५५१ मध्ये इंग्रजीत भूमिती लिहिली. टॅन्जन्टला त्याचा शब्द ‘टच लाइन’, म्हणजे थेट आपली ‘स्पर्शिका’. ॲक्यूट अँगलला, म्हणजे लघुकोनाला, ‘शार्प कॉर्नर’. किती सरळ, किती सोपे शब्द! पण तगले ते लॅटिनच. वनस्पतिशास्त्रात तर नव्या जातीचं वर्णन २०११ अखेरपर्यंत लॅटिनमध्येच द्यावं लागे. इंग्रजी चालायला लागली ती २०१२ पासून.