कायद्याने सगळं समान आहे, मग नोकरीत बायका मागे का राहतात?

कारण अडवणूक कागदावर नसतेच हो. मी वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत (म्हणजे आपल्या एमआयडीसीसारखी गुजरातची औद्योगिक वसाहत) नोकरी करते, आमच्याकडे भरूच जिल्ह्यातल्या दहेज गावच्या साइटवर कोण जाणार हे ठरताना बाईला कोणी विचारतच नाही, परस्पर ठरतं की "बेनचं मूल लहान आहे, कशाला दगदग", सगळ्यांना वाटतं केवढी काळजी घेतात, आणि दोन वर्षांनी प्रमोशनच्या वेळी नेमका साइटचाच अनुभव मागतात!

दुसरं म्हणजे बाळंतपणाची रजा. 2017 पासून 26 आठवडे भरपगारी झाली, चांगलंच झालं, पण ईएसआय या सरकारच्या कामगार विमा योजनेत नसलेल्या बाईचा तो सगळा पगार मालकाच्या खिशातून जातो, सरकार त्यात वाटा उचलत नाही. म्हणून इंटरव्ह्यूत "लग्न कधी करणार" हा प्रश्न येतो आणि मग फोन येतच नाही. 50 किंवा जास्त स्टाफ असेल तर पाळणाघराची सोय पाहिजे, ते तर कित्येकींना माहीतही नसतं.

माझं म्हणणं, साइटवर जायची तयारी असेल तर तोंडी नका सांगू, मेलवर लिहून द्या, म्हणजे अप्रेझलला "तुम्हीच नको म्हणालात" असं कोणी म्हणू शकणार नाही.