अप्रेंटिसशिप करू दे की सरळ कॉन्ट्रॅक्टवर लावू?

आयटीआयचे रिझल्ट लागले की माझ्याकडे हमखास येणारा प्रश्न म्हणजे, अप्रेंटिसला आठ-नऊ हजार देतात आणि कॉन्ट्रॅक्टरकडे पंधरा-सोळा मिळतात, मग पोराला कुठे पाठवायचं? मागे पिंपरी-चिंचवडच्या एक ताई मुलाला घेऊन हेच विचारायला आल्या होत्या (त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय). घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच, चार घरी पोळ्या करतात, धाकटी मुलगी शाळेत. मुलगा फिटर ट्रेडला पास झालेला. चाकणला कॉन्ट्रॅक्टरतर्फे पॅकिंगचं काम होतं, सोमवारपासून या म्हणत होते, आणि भोसरीच्या एका टूलरूममध्ये (जिथे साचे, हत्यारं बनवतात) वर्षाची अप्रेंटिसशिप.

ताई म्हणाल्या, "मॅडम, वर्षभर राबवून घेतील आणि मग घरी बसवतील, शेजारच्याच्या पोराचं तेच झालं."

ही भीती खरी आहे आणि मी कुणालाच उगाच धीर देत नाही. अप्रेंटिसचा कायदा 1961 चा, त्यात शिकाऊ उमेदवार कामगार म्हणून धरलाच जात नाही आणि करारात तसं लिहिलेलं नसेल तर वर्ष संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नसतं. हे मी ताईंना स्पष्ट सांगितलं, त्यांचा चेहरा पडला.

मुलगा तोवर खाली मान घालून गप्प. मी त्याला म्हटलं, दोन वर्षांत तुला सगळ्यात जास्त काय आवडलं ते सांग, पगाराचं नंतर बघू. मग जो सुटला! मेल-फिमेल फिटिंगचा जॉब, कानस मारून मारून दोन तुकडे एकमेकांत असे बसवायचे की उजेडाला धरल्यावर मधून फट दिसता कामा नये, फट दिसली की सर जॉब परत हातात देणार. त्याचा एक जॉब पहिल्या झटक्यात पास झाला होता, तो त्याने घरी जपून ठेवलाय. ताईंना यातलं काहीच माहीत नव्हतं, त्या त्याच्या तोंडाकडे बघतच राहिल्या.

मला तिथेच उत्तर मिळालं. पॅकिंग लाइनवर हा हात वर्षभरात बोथट झाला असता आणि पुढच्या इंटरव्ह्यूला "फिटरचं काम काय केलं?" विचारल्यावर सांगायला काही नसतं. अप्रेंटिसशिपनंतर परीक्षा देऊन एनएसी, म्हणजे नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळतं, ते देशभर चालतं. शिवाय दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय असेल तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, ते दारही उघडं राहतं.

राहिला पैशाचा प्रश्न. 2019 च्या नियमांत आयटीआयवाल्यांना महिना किमान 7000 ठरले होते, ही कंपनी त्याहून थोडे जास्त देत होती, वर कँटीन आणि बस. कागदावर मांडल्यावर प्रत्यक्षातला फरक ताईंना वाटत होता तेवढा निघाला नाही. घरात आजारपण किंवा डोक्यावर मोठं कर्ज असतं तर मी कॉन्ट्रॅक्टच घे म्हटलं असतं, त्यात कमीपणा काही नाही, फक्त काम ट्रेडचं बघ म्हटलं असतं.

तो भोसरीला गेला. वर्ष संपलं आणि कंपनीने त्याला ठेवलं नाही. काही दिवस घरीच होता, ताई फोनवर माझ्यावर चिडल्या आणि ते साहजिकच होतं. मग त्याच पट्ट्यातल्या एका छोट्या वर्कशॉपने ट्रायलला ड्रॉइंग हातात देऊन जॉब करायला सांगितला, त्याने करून दाखवला. आता पॅकिंगपेक्षा पगार थोडा जास्त आहे, फार नाही. जिग-फिक्श्चरचं, म्हणजे जॉब नेमक्या जागी पकडून ठेवणाऱ्या साधनांचं काम शिकतोय.

तुमच्याकडे असं लेटर आलं असेल तर सही करायच्या आधी एवढं बघा, करार सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदवलाय का, त्यात तुमच्या ट्रेडचं नाव आहे का, आणि विद्यावेतन बँकेत जमा होणार का. नुसतं "ट्रेनी" म्हणून घेतायत आणि कराराचं नाव काढलं की विषय बदलतायत, तर तिथे जाऊ नका.