भडकण्याआधीची पाच मिनिटं

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. मुलगा हट्टी आहे की आजारी, हेच कळत नाही, असं तू म्हणतोस. तो प्रश्न डॉक्टरांवर सोड, आणि त्यांनाही जरा वेळ दे. एडीएचडीचंच घे, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा. लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली हवीत, किमान सहा महिने टिकलेली हवीत आणि घर, शाळा अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवीत. म्हणून आधी त्याच्या वर्गशिक्षिकांना भेटून ये. तो शाळेत शांत असतो का, एवढं कळलं तरी डॉक्टरांचं काम बरंच सोपं होतं.

तोवर तू एक वही कर. तीन रकाने आख : आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर आपण काय केलं. ‘उगाच भडकतो’ असं वहीत लिहायचं नाही. मोबाईलचा जो प्रसंग तू सांगितलास, तोच या रकान्यांत घालून बघ. तो खेळात गुंग होता. तू आतूनच ‘पुरे आता’ म्हणालास, तिसऱ्या हाकेला येऊन फोन हिसकावलास. त्यानं हातातलं फेकलं, स्वतःचा हात चावला. घरात पाहुणे होते, म्हणून ‘बरं, दहाच मिनिटं’ म्हणत तू फोन परत दिलास. आता तिसरा रकाना वाच. फेकाफेक केली की फोन मिळतो, हे तो शिकला. फोन दिला की घर शांत होतं, हे तू शिकलास. दोघांचंही त्या क्षणापुरतं भागलं, म्हणून उद्या पुन्हा तेच. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या घरी बसून अशी कुटुंबं पाहिली आणि 1982 मध्ये हे दुष्टचक्र सविस्तर मांडलं. तेव्हा तुमचंच घर जगावेगळं आहे, असं मानू नकोस.

बदलायला सगळ्यात जास्त वाव पहिल्या रकान्यात असतो. लांबून हाका मारू नकोस. शेजारी जाऊन बस, कोणता डाव चाललाय ते बघ, आणि ‘हा डाव संपला की बंद’ असं आधीच सांग. त्यातूनही तो भडकला, तर फोन परत द्यायचा नाही. सुरुवातीचे काही दिवस त्रास वाढेल. हे अपेक्षितच असतं, पण नेमके इथेच आईबाप हात टेकतात. चार दिवस ताणून पाचव्या दिवशी दिलं, तर न ताणलेलं बरं. पुरेसं ओरडलं की मिळतं, हा धडा मग पक्काच होतो. म्हणून नियम थोडे ठेव. माझं विचारशील तर फोनखेरीज सध्या दोनच : मारायचं नाही आणि वेळेवर झोपायचं. खोलीतला पसारा, अक्षर, ‘काकांना नमस्कार कर’, हे सगळं सोडून दे. नातेवाईक ‘लाडावून ठेवलाय’ म्हणतील. म्हणू देत.

तो पेटलेला असताना समजावू नकोस, त्या वेळी काही आत शिरत नाही. आवाज खाली, वाक्यं तोकडी, लागेल-कापेल अशा वस्तू लांब. बोलायचं ते नंतर.

पण प्रत्येक स्फोट काही मिळवण्यासाठी नसतो. सुटी संपत आली की पोट दुखतं, शाळेचं नाव काढलं की अंगावर येतो, त्यामागे भीती असू शकते. मुलांमधलं नैराश्यही पुष्कळदा रडण्याऐवजी चिडचिडीतून दिसतं. म्हणून झोप, भूक आणि त्यानं सोडून दिलेले आवडीचे खेळ, हेही वहीत टिपत जा. ‘मला मरायचंय’ असं कधी म्हणालाच, तर धमकी समजून झटकू नकोस. सरळ विचार. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. औषधं, ब्लेड कुलपात ठेव, त्याला एकटं सोडू नकोस आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

गोळ्यांचं म्हणशील तर, एडीएचडीत सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांचंच प्रशिक्षण सुचवतात. तुझा त्याहून मोठा आहे, त्यामुळे औषधाचा विषय निघू शकतो. नेमकं काय सुधारेल, भूक-झोपेवर परिणाम होईल का, पुन्हा कधी दाखवायचं, हे विचारून घे. मनानं सुरू-बंद करू नकोस.

बायको स्वतःला दोष देते म्हणालास. 1960च्या दशकात ब्रुनो बेटेलहाइम नावाचे गृहस्थ ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) खापर आईच्या थंडपणावर फोडत होते, आणि लोक ऐकतही होते. तो सिद्धांत पुढे पार मोडीत निघाला, पण तोवर कितीतरी आया पोळल्या. हे तिला सांग. आणि रात्रीचं उठणं दोघांत वाटून घ्या.

धाकटीबद्दल पत्रात एकच ओळ आहे, ‘ती समजूतदार आहे’. मला काळजी तिचीही वाटते. आठवड्यातून एकदा फक्त तिला घेऊन बाहेर जा, आणि तेवढा वेळ भावाचा विषय काढू नकोस.

वही महिनाभर भरली की तिचे फोटो मला पाठव. डॉक्टरांना काय काय दाखवायचं, ते मिळून ठरवू.

तुझा,
काका