केराटोकोनससाठी क्रॉसलिंकिंग, रिंग की थेट कॉर्निया बदलायचा?

तुमच्या २० वर्षांच्या मुलाच्या दोन्ही डोळ्यांत केराटोकोनस आहे. एक डॉक्टर क्रॉसलिंकिंग सांगतात, दुसरे रिंग, आणि घरचे म्हणतात की एकदाच डोळा बदलून टाका, चष्मा जाईल. मी डॉक्टर नाही, याच आजाराचा रुग्ण आहे. माझ्या डाव्या डोळ्याचं क्रॉसलिंकिंग झालंय आणि उजव्यात दात्याचा कॉर्निया, म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, आहे, म्हणून दोन्ही बाजू सांगू शकतो.

आधी हे नीट समजून घ्या की आजार थांबवणं आणि नजर सुधारणं ही दोन वेगळी कामं आहेत. क्रॉसलिंकिंग पहिल्यासाठी असतं. ते करून चष्मा जाईल ही आशा ठेवली तर निराशा पदरी पडेल. तरीही मुलाचं वय पाहता माझ्या मते सगळ्यात तातडीचा प्रश्न हाच आहे, कारण हा आजार किशोरवयात आणि विशीत जोरात वाढतो, पुढे बहुधा मंदावतो.

केराटोकोनसमध्ये कॉर्निया पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. क्रॉसलिंकिंगच्या मूळ पद्धतीत कॉर्नियाचा वरचा नाजूक थर काढतात, रायबोफ्लेविनचे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब अर्धा तास घालत राहतात आणि मग त्यावर अतिनील किरण सोडतात. त्यामुळे आतल्या कोलॅजनच्या धाग्यांमध्ये नवे बंध तयार होतात आणि कॉर्निया ताठ होतो. ही पद्धत जर्मनीतल्या ड्रेस्डेनची. रुग्णांवरचे तिचे पहिले निष्कर्ष २००३ मध्ये छापून आले. तेव्हा किरण ३० मिनिटं देत, आता जास्त तीव्रतेचे किरण वापरून १० मिनिटांतही उरकतात. खरी अट जाडीची आहे. निरोगी कॉर्निया मध्यभागी ५४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो, आणि या शस्त्रक्रियेसाठी वरचा थर काढल्यावर किमान ४०० मायक्रॉन उरावे लागतात. त्याहून पातळ डोळ्यांसाठी वेगळ्या युक्त्या आहेत, पण तिथवर वेळ का येऊ द्यायची? जुन्या आणि नव्या टोपोग्राफीचे, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराच्या नकाशाचे, रिपोर्ट शेजारी ठेवून डॉक्टरांना विचारा की आजार वाढतोय का. वाढत असेल तर परीक्षा, सुट्ट्या बघत बसू नका.

पहिले काही दिवस डोळा चांगलाच दुखतो, पाणी गळतं, उजेड नकोसा होतो. पुढचे काही आठवडे आधीपेक्षा धूसर दिसू शकतं. मुलाला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो घाबरेल.

रिंग म्हणजे कॉर्नियाच्या आत सरकवलेल्या प्लास्टिकच्या अर्धगोल कड्या. त्यांनी शंकू थोडा सपाट होतो आणि नको वाटल्यास काढता येतात, पण आजार थांबत नाही, म्हणून बऱ्याचदा क्रॉसलिंकिंगसोबत करतात. चेन्नईच्या डॉ. सूसन जेकब यांनी प्लास्टिकऐवजी दात्याच्या कॉर्नियाच्याच पट्ट्या बसवायची पद्धत आणली आहे. मध्यभागी डाग असेल तर मात्र रिंगचा फारसा उपयोग नाही.

आता घरच्यांचा सल्ला. अख्खा डोळा कुणी बदलत नाही, बदलतात तो फक्त कॉर्निया, आणि तोही डाग पडल्यावर किंवा कुठल्याच लेन्सने भागत नसेल तेव्हा. शक्य असेल तर ‘डाल्क’बद्दल विचारा. त्यात रुग्णाचा स्वतःचा सगळ्यात आतला थर, एंडोथेलियम, जागेवर राहतो आणि वरचे थर बदलतात. शरीराने हा आतला थर नाकारणं हेच पूर्ण जाडीच्या रोपणातलं मोठं भय, ते इथे टळतं. माझं डाल्कच झालं. टाके वर्षभर किंवा जास्तही राहतात, स्टिरॉइडचे थेंब महिनोन् महिने घालावे लागतात, त्यांनी डोळ्यातला दाब वाढत नाही ना हे तपासत राहावं लागतं. डोळ्यावर मार बसला तर जोडाची जागा उसवू शकते, ही भीती आयुष्यभर राहते. डोळा लाल झाला, दुखला, उजेड खुपला किंवा नजर उतरली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. आणि एवढं होऊनही उजव्या डोळ्यात मी आजही लेन्स घालतो, कारण टाक्यांमुळे तिरपा नंबर राहतो. कुणीतरी नेत्रदान केलं म्हणून मला त्या डोळ्याने वाचता येतं, त्या अनोळखी घराचे उपकार मोठे आहेत. पण विशीतल्या मुलाला रोपण पुढे पुन्हाही करावं लागू शकतं, म्हणून घाई नको.

डाग नसेल तर रोपणाला हो म्हणण्याआधी स्क्लेरल लेन्स लावून बघाच. ती आकाराने मोठी असते, कॉर्नियाला न टेकता पांढऱ्या भागावर बसते आणि मध्ये सलाइनचा थर राहतो. बऱ्याच जणांचं रोपण तिच्यामुळे टळतं.

डोळे चोळण्याची सवय मात्र आजपासून बंद. ॲलर्जीची खाज असेल तर तिचे थेंब वेगळे लिहून घ्या. आणि चष्मा घालवायला कुणी लॅसिक सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा, कारण त्यात आधीच पातळ असलेला कॉर्निया आणखी कापला जातो.