‘अखत्यार’ हद्दपार का केला?

मुंबईच्या एका परिचारिका वाचकांचा प्रश्न: लहान मुलांच्या अतिदक्षता विभागातल्या (पीआयसीयू) नर्स प्रॅक्टिशनरची, म्हणजे जादा शिक्षण घेऊन तपासणी-उपचारही करणाऱ्या नर्सची, नियमावली मराठीत आणतोय. ‘स्कोप ऑफ प्रॅक्टिस’ला ‘कार्यक्षेत्र’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. कार्यक्षेत्र ही जागा झाली, म्हणजे पीआयसीयू. काम कुठवर करायचं ती हद्द म्हणजे कार्यकक्षा. झालं उत्तर.

खरी खटकणारी गोष्ट पुढेच आहे. अशा नियमावल्यांत कायद्याने घातलेली हद्द, प्रमाणपत्राने आलेली पात्रता आणि रुग्णालयाने त्या व्यक्तीला दिलेली मंजुरी, तिन्हींना सरसकट ‘अधिकार’ म्हणतात. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर हे पद १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू झालं, तेही बालपरिचर्येतच. तिथे राज्याचा कायदा मुभा देत असला तरी श्वासनलिकेत नळी घालणं, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) टाकणं, पाठीतलं पाणी काढणं यांची मंजुरी रुग्णालय सुटी सुटी देतं. आधी देखरेखीखाली करून घेतं, मग फाइल तपासतं, मुदत संपली की पुन्हा तपासतं. हुद्दा एकच, पण एकीला लाइनची मंजुरी असते, श्वासनळीची नसते.

या तिसऱ्या गोष्टीला, रुग्णालयाच्या मंजुरीला, मराठीत अस्सल शब्द आहे: अखत्यार. अरबी ‘इख्तियार’, म्हणजे निवड. धातू तोच, ज्यातून ‘खैर’ आली. म्हणजे ‘तुझी खैर नाही’ आणि ‘माझ्या अखत्यारीत नाही’ ही सख्खी भावंडं! ‘मुखत्यार’, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणारा, तोही त्याच घरचा. त्यात संस्कृत ‘मुख’ शोधणाऱ्या शुद्धिवाद्यांनी एकदा अरबी कोश उघडावा. आणि ‘कुलमुखत्यार’मधलं ‘कुल’ म्हणजे सगळं. कुळाशी त्याचा संबंध नाही. डॉक्टरांनी आधीच सही करून ठेवलेल्या स्टँडिंग ऑर्डरला मी तर बेधडक ‘खास मुखत्यारी’ म्हणेन: ठरलेल्या स्थितीत, ठरलेल्या औषधापुरती. ‘प्रदत्त प्राधिकार’ सुचवणाऱ्यांनी तो रात्रपाळीच्या सिस्टरना मोठ्याने वाचून दाखवावा.

आणि ‘औषध देणे’ हे क्रियापद नियमावलीतून आधी काढा. बारा किलोच्या मुलाचं हृदय थांबलंय. ॲड्रेनालिन किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे ०.१२ मिलिग्रॅम, एकास दहा हजार द्रावणाचे (मिलीमागे ०.१ मिलिग्रॅम) १.२ मिली, शिरेतून. यात डोस ठरवणं, आदेश देणं, सिरिंजमध्ये भरणं आणि टोचणं ही चार कामं आहेत, आणि मराठीत चारही ‘देणे’त बसतात. डॉक्टर औषध ‘देतात’ म्हणजे लिहून देतात, सिस्टर ‘देते’ म्हणजे टोचते. नर्स प्रॅक्टिशनर नेमकी या दोन अर्थांच्या मधे उभी असते. नियमात नुसतं ‘देऊ शकेल’ असेल तर एक जण ते आदेशाची मुभा म्हणून वाचणार, दुसरा टोचण्याची. म्हणून चार क्रियापदं, चार रकाने. दर रकान्यात अखत्यार स्वतःचा की मुखत्यारीचा, एवढंच लिहा.